फाटक्या स्पीकरचा सूर
‘यू रिअली गॉट मी’ या गाण्याच्या जन्माची कहाणी

१९६४ च्या जूनमध्ये लंडनच्या ‘पाय रेकॉर्ड्स’कडे ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणं ध्वनिमुद्रित होऊन तयार होतं. कंपनीला ते पसंत होतं. पसंत नव्हतं ते रचणाऱ्यालाच, जेमतेम विशीतल्या रे डेव्हिसला. त्याच्या ‘द किंक्स’ या बँडची त्याच वर्षी आलेली दोन सिंगल्स सपशेल पडली होती. कंपनीशी करार तीन सिंगल्सचा, म्हणजे ही शेवटची संधी. अशा वेळी चार शहाणी माणसं पदरात पडेल ते पवित्र मानून घेतात. रे मात्र अडून बसला: हे गाणं असं बाहेर जाणार नाही, पुन्हा मुद्रित करायचं. माझ्या मते या गाण्याच्या घडणीत चालीइतकाच मोलाचा आहे तो हा हट्ट.

पुढची खोली

उत्तर लंडनमधल्या मसवेल हिल भागात, फॉर्टिस ग्रीन रस्त्यावर डेव्हिस कुटुंबाचं छोटंसं घर होतं. सहा बहिणींच्या पाठीवर रे आणि डेव्ह हे दोन भाऊ. पुढच्या खोलीत एक पियानो होता. शनिवारी रात्री समोरच्या पबमधून मंडळी घरी येत, मग गाण्याला ऊत येई. आईवडिलांच्या काळातली नाट्यगृहातली गाणी, बहिणींनी आणलेल्या नव्या रेकॉर्ड, सगळं या खोलीत एकत्र नांदत होतं. रेला तेराव्या वाढदिवसाला पहिली गिटार दिली ती एका मोठ्या बहिणीने, रेनेने. तिला हृदयविकार होता. त्याच रात्री ती नाचायला गेली आणि नाचतानाच गेली. या घराने मुलांना काय दिलं, हे ती एक गिटार सांगते.

याच खोलीतल्या पियानोवर १९६४ च्या सुरुवातीला रेला ‘यू रिअली गॉट मी’ सुचलं. त्याच्या मनात लेड बेली, बिग बिल ब्रून्झी यांच्यासारखे अमेरिकी ब्लूज गायक होते, जॅझही होतं. डेव्हने तो तुकडा ऐकला आणि आपल्या गिटारवर घेतला. तेव्हा डेव्ह सतरा वर्षांचा होता.

ब्लेड आणि स्पीकर

डेव्हकडे ‘एल्पिको’ कंपनीचा एक लहानसा, स्वस्तातला ॲम्प्लिफायर होता. त्याचा गुळगुळीत आवाज त्याला रुचत नव्हता. एक दिवस चिडून त्याने दाढीचं ब्लेड घेतलं आणि स्पीकरच्या कागदी शंकूला चिरा पाडल्या. स्पीकरमध्ये हा शंकू थरथरतो म्हणून आवाज निघतो. चिरा पडल्यावर कागदाच्या मोकळ्या कडा आपापल्या परीने फडफडू लागल्या आणि प्रत्येक सुराला खरखरीत, गुरगुरती किनार आली. मग त्याने हा छोटा ॲम्प्लिफायर ‘व्हॉक्स’च्या मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडला. फाटका आवाज खोली दणाणून सोडेल इतका वाढला.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, ती याच कारणासाठी. शुद्ध तार कोरडी वाटते. तिच्यात थोडी झणझण मिसळली की सूर भरतो. डेव्हला तंबोऱ्याची ओळख असण्याचं काही कारण नव्हतं, पण त्याच्या कानाने नेमकी हीच भूक ओळखली.

फाटक्या आवाजाचा हा पहिलाच प्रयोग, असं मात्र म्हणता येणार नाही. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’मध्ये बिघडलेल्या ॲम्प्लिफायरचा आवाज आहे आणि १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रे या अमेरिकी वादकाने स्पीकरला भोकं पाडली होती. डेव्हचं वेगळेपण असं, की त्याने हा आवाज गाण्यात अधूनमधून न वापरता गाण्याचा पायाच केला.

त्यासाठी त्याचं वादनही तसंच होतं. एरवी कॉर्डमध्ये षड्ज, गंधार आणि पंचम असे तीन स्वर असतात. डेव्ह गंधार गाळून षड्ज-पंचमाची जोडी वाजवतो. फाटक्या आवाजात तीन स्वर एकमेकांत चिखल करतात, षड्ज-पंचम स्वच्छ उभे राहतात. शिवाय गंधार नसल्यामुळे चाल ना आनंदाकडे झुकते, ना उदासीकडे. उरतो तो नुसता जोर. एफ आणि जी या दोन कॉर्डांचा पाच ठोक्यांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो, मग तोच एका स्वराने वर जातो आणि तिथून थेट डीवर झेप घेतो. रचना एवढीच. शब्दही मोजकेच: प्रेमाने झपाटलेल्या पोराची झोप उडाली आहे. सव्वादोन मिनिटांत खेळ संपतो.

दुसरं मुद्रण

निर्माते होते शेल टाल्मी, लॉस एंजेलिसहून लंडनला आलेले अमेरिकी. जूनमधलं मुद्रण संथ होतं आणि आवाजावर प्रतिध्वनीचं दाट लेपण होतं. त्या काळच्या मापाने ते व्यवस्थितच होतं, पहिली आवृत्तीही गाजली असती असं टाल्मी पुढे सांगत राहिले. पण मैफलीत पोरं ज्या आवाजावर उसळत होती, तोच त्यात दबला होता. रेची तक्रार नेमकी हीच होती. कंपनी दुसऱ्यांदा खर्च करायला तयार नव्हती, तेव्हा बँडच्या व्यवस्थापकांनी पैशांची तजवीज केली.

जुलैमध्ये पोर्टलंड प्लेसवरच्या ‘आयबीसी’ स्टुडिओत सगळे पुन्हा जमले. ढोलांवर बसवला बॉबी ग्रॅहम हा रोजंदारीवरचा मुरलेला वादक. बँडचा नवा ढोलवादक मिक ॲव्हरी याच्या हाती खंजिरी आली. बेसवर पीट क्वेफ होता. लय वाढवली, लेपण खरवडलं, गिटार पुढे आणली. डेव्हच्या एकल वादनाच्या तोंडाशी रेने भावाला चेव आणायला ओरडून हाक दिली. बेसावध डेव्हने उत्तरादाखल शिवी हासडली आणि ती ढोलांच्या गडगडाटाखाली रेकॉर्डवर राहून गेली, असं रेने पुढे सांगितलं. त्यानंतरचं वादन ऐका. रागावलेला, बिचकलेला, तरीही मागे न हटणारा सतरा वर्षांचा मुलगा त्यात ऐकू येतो. हे वादन जिमी पेजचं, अशी अफवा वर्षानुवर्षं फिरली. खुद्द पेजनेही ती नाकारली आहे. ते डेव्हचंच आहे.

४ ऑगस्ट १९६४ रोजी रेकॉर्ड बाजारात आली. सप्टेंबरमध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली, अमेरिकेत सातव्या. पाठोपाठ ‘ऑल डे अँड ऑल ऑफ द नाइट’ आलं आणि बँडचा जम बसला. ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने आपल्या ‘आय कान्ट एक्स्प्लेन’वरचं किंक्सचं ऋण मान्य केलं. १९७८ मध्ये ‘व्हॅन हेलन’ने पहिलं सिंगल म्हणून हेच गाणं निवडलं. हेवी मेटल आणि पंक, दोन्हीकडे ही पाऊलवाट जाते. रचनेवर नाव मात्र एकट्या रेचं आहे. आवाजाचं श्रेय कुणाचं, यावरून दोघा भावांत आयुष्यभर वाजत राहिलं. माझा कौल असा: चाल रेची, देह डेव्हचा, आणि दोघांपैकी एकटा कुणीही ते गाणं करू शकला नसता.

मुंबईची पहाट

या यशामुळेच जानेवारी १९६५ मध्ये किंक्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले आणि वाटेत मुंबईला थांबले. रेची झोप मोडली ती पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांच्या गाण्याने. एका स्वरावर घोळत राहणारा तो समूहाचा आवाज त्याच्या डोक्यात घर करून बसला. त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ आलं. ते जुलै १९६५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं आणि ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात सतार नाही. अखंड गुंजणारा आधारस्वर आहे, तोही गिटारीवर काढलेला. बीटल्सचं सतारीचं ‘नॉर्वेजियन वुड’ आलं ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. पाश्चात्त्य पॉपमध्ये भारतीय वळण आणणाऱ्या पहिल्या गाण्यांत म्हणूनच ‘सी माय फ्रेंड्स’चं नाव घेतात. त्यातल्या दुःखाला रेनेच्या आठवणीची जोड असल्याचंही रेने सांगितलं आहे.

ज्या कानाने फाटक्या स्पीकरसाठी कंपनीशी भांडण घेतलं, त्याच कानाने किनाऱ्यावरचं अनघड गाणं टिपलं. बँडची खरी पुंजी हा कान होता. तो स्टुडिओतल्या यंत्रांना सापडत नाही आणि पैशाने मिळत नाही.

ज्यांनी ती पहाट गाऊन जागवली, त्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत. रेने त्यांना नुसतं मच्छीमार म्हटलं. मराठी वाचकाच्या मनात मुंबईचे कोळीवाडे उभे राहतील. आज या वाड्यांत नाव ओढतानाची, जाळं खेचतानाची गाणी आठवणारी म्हातारी माणसं आहेत, तोवर ती गाणी ध्वनिमुद्रित व्हायला हवीत, आणि तीही आहेत तशी, वर वाद्यमेळाचं लेपण न चढवता. संगीताच्या अभ्यासकांनी, विद्यापीठांनी आणि हातात चांगला फोन असलेल्या कोळीवाड्यातल्या प्रत्येक तरुणाने हे काम आता अंगावर घ्यावं.