तिघांचे एक भाषण

महाराष्ट्रातल्या अनेक आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत संघ दोघांचा असतो. एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात, आणि फिरता करंडक दोघांच्या गुणांच्या बेरजेवर ठरतो. या रिवाजाने आपल्याला उत्तम वक्ते दिले. पण एकाच संघाचे दोघे समोरासमोर उभे राहिले की कामाची वाटणी करण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक जण आपले भाषण घरून घेऊन येतो: आरंभी काव्यपंक्ती, मधे आकडेवारी, शेवटी आवाहन. आधीचा वक्ता काय बोलून गेला, याने त्यातला शब्दही हलत नाही. वादविवादात माझ्या मते सगळ्यात शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे, की एका संघाने मिळून एकच भाषण करायचे आणि ते तिघांनी वाटून घ्यायचे.

शालेय मुलांची जागतिक वादविवाद स्पर्धा १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिच्या पद्धतीत प्रत्येक बाजूला तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटे आणि शेवटी दोन्ही संघांना चार मिनिटांचे समारोपाचे भाषण मिळते. समजा ठराव असा आहे: पुण्याचा लक्ष्मी रस्ता खासगी वाहनांना कायमचा बंद करावा.

अनुकूल बाजूच्या पहिल्या वक्त्याला रस्ता आधी आखून द्यावा लागतो. खासगी वाहनांत दुचाकी धरायच्या का? मागच्या वाड्यांतल्या रहिवाशांचे काय? दुकानांचा माल किती वाजता उतरणार? रुग्णवाहिका? ही व्याख्या दीड-दोन मिनिटांत आटोपली नाही, तर पुढचे पाचही जण तिच्यावरच भांडत बसतात. मग तो वाटणी जाहीर करतो: ‘पादचाऱ्यांची सुरक्षितता आणि हवा हे मुद्दे मी मांडेन, व्यापाराचा मुद्दा माझी सहकारी मांडेल.’ हे वाक्य नवख्यांना औपचारिक वाटते, पण परीक्षक त्याच क्षणी वहीत व्यापारासाठी जागा सोडतो आणि पुढे ती भरली की नाही हे तपासतो. मुद्दा मांडण्याची रीत आपल्याकडे न्यायदर्शनाने कधीच घालून दिली आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. मुले यातला उपनय हमखास गाळतात. परदेशातल्या शहराचे उदाहरण देतात, पण ते लक्ष्मी रस्त्याला का लागू पडते, हे सांगतच नाहीत.

प्रतिकूल बाजूच्या पहिल्या वक्त्यापुढे मोठा निर्णय असतो. नुसते खंडन करायचे की स्वतःचा पर्यायही द्यायचा? आपला पक्ष न मांडता समोरच्याचा पाडणे, याला न्यायसूत्रांनी वितंडा म्हटले आहे. स्पर्धेचे नियम त्याला मज्जाव करत नाहीत, तरी वितंडेवर उभा राहिलेला संघ शेवटी कोरडा पडतो. वाहने वळवली की कुमठेकर आणि केळकर रस्ते तुंबतील, एवढे म्हणून भागत नाही. मग वाहनतळ वाढवायचे, ठरावीक वेळेपुरती बंदी घालायची की आहे तेच राखायचे, हे पहिल्यानेच सांगायला हवे. दुसऱ्याने सांगितले तर उशीर झालेला असतो.

दुसऱ्या वक्त्याबद्दल थोडक्यात. सुरुवातीची तीन-चार मिनिटे उत्तराची, उरलेली ठरलेल्या मुद्द्याची. घाई करून उत्तरे उरकणारा दुसरा वक्ता पहिल्याची मेहनत वाया घालवतो.

खरी कसोटी तिसऱ्याची. त्याच्याकडे लिहून आणलेले जवळजवळ काही नसते आणि नसावे. समोर आडवा कागद, त्यावर प्रत्येक वक्त्यासाठी एक उभा रकाना, दोन बाजूंसाठी दोन शाईंची पेने. मुद्दा मांडला की रकान्यात नोंद, त्याला उत्तर आले की बाण. चार-पाच भाषणे झाल्यावर कागदाकडे पाहिले, की ज्या नोंदींकडे एकही बाण गेलेला नाही त्या दिसतात. तिसऱ्याचे भाषण तिथून सुरू व्हायला हवे. नवा मुद्दा आणणे हे त्याचे काम नाही, जुन्या मुद्द्यासाठी नवे उदाहरण मात्र चालते.

तरीही बहुतेक तिसरे वक्ते समोरच्यांना क्रमाने उत्तरे देत सुटतात: पहिला असे म्हणाला, दुसरी असे म्हणाली. त्यातून यादी तयार होते, निकाल लागत नाही. चांगला तिसरा वक्ता सगळा वाद दोन-तीन प्रश्नांत गोळा करतो. आपल्या ठरावात एक प्रश्न असा: लक्ष्मी रस्त्याचा ग्राहक कोण? अनुकूल बाजू म्हणाली, चालणारा माणूस रेंगाळतो आणि जास्त खरेदी करतो. प्रतिकूल बाजू म्हणाली, लग्नाचा बस्ता बांधायला हडपसरहून आलेले कुटुंब पिशव्या घेऊन अर्धा किलोमीटर चालणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. मग कोणत्या ग्राहकावर दुकान जास्त अवलंबून आहे आणि दुसऱ्याची सोय लावता येते का, याचा निवाडा तिसऱ्याने करून दाखवायचा. समोरच्याचे म्हणणे सर्वांत बळकट रूपात मांडून मग त्याला भिडायचे, ही आपल्या शास्त्रग्रंथांतल्या पूर्वपक्षाची शिस्त. तिची सर्वांत जास्त गरज इथे लागते.

समारोपाचे भाषण तिसरा वक्ता करू शकत नाही, ते पहिल्याने किंवा दुसऱ्यानेच करायचे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. नुकताच हातघाईवर आलेला माणूस अलिप्तपणे आढावा घेऊ शकत नाही. या टप्प्यावर प्रतिकूल बाजू आधी बोलते, म्हणजे तिचे तिसरे भाषण आणि समारोप लागोपाठ येतात, सलग बारा मिनिटे. ती संधी पुनरुक्तीत घालवणारे संघ पाहून वाईट वाटते. अनुकूल बाजूच्या तिसऱ्यानेही ही बारा मिनिटे येणार हे धरूनच आपला शेवट बांधायला हवा.

भाषणाची बांधणी घंटाही ठरवते. पहिले आणि शेवटचे मिनिट सुरक्षित, मधल्या सहा मिनिटांत समोरचे उठून प्रश्न विचारू शकतात. म्हणून नाजूक व्याख्या पहिल्या मिनिटात सुरू करावी आणि प्रश्न घ्यायचा तो एक मुद्दा संपवून, दुसरा सुरू करण्याआधी.

विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत, जी २०१४ साली चेन्नईत भरली होती, चार संघ आणि आठ वक्ते असतात. विषय अवघी पंधरा मिनिटे आधी मिळतो. तिथे दुसऱ्या फळीतल्या संघाची अडचण वेगळीच: आपल्याच बाजूच्या पहिल्या संघाला न खोडता त्याच्यापेक्षा महत्त्वाचे काहीतरी नवे सांगायचे.

शालेय स्पर्धेत गुण देताना आशयाला ४०, शैलीला ४० आणि व्यूहाला २० टक्के वजन असते. क्रम, वेळेची वाटणी, कोणत्या मुद्द्याला किती महत्त्व दिले हे सगळे व्यूहात येते. आपल्या करंडकांच्या संयोजकांनी एक वर्ष एवढेच करून पाहावे: दोघांना एकाच बाजूला बसवावे, दुसऱ्या वक्त्याच्या निम्म्या वेळेत फक्त उत्तरे हवीत असा नियम करावा आणि त्या उत्तरांचे गुण गुणपत्रिकेवर स्वतंत्र रकान्यात छापावेत.