आधी व्हॅक्यूम, मग सँडर

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीत, म्हणजे आपल्या जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या नाचू लागतात आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू होते. खोबऱ्याचे तुकडे लगेच खाली पडतात. गुलाल मात्र हवेत तरंगत राहतो, कपड्यांच्या घडीत शिरतो, उंबऱ्यावरून माजघरात जातो आणि यात्रा संपली तरी फडताळाच्या कडेला सापडतो. घरात लाकूडकाम करणाऱ्यानं एवढं एक दृश्य नीट ध्यानात घेतलं, तरी वर्कशॉप कसं लावायचं याचा निम्मा विचार झाला. करवतीखाली पडणारा भुसा हे खोबरं. पॉलिश पेपर आणि सँडरमधून निघणारी पिठासारखी धूळ हा गुलाल. त्याच्याही पलीकडे आणखी बारीक धूळ असते. ती इतकी बारीक, की डोळ्यांना दिसतच नाही.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १०० मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला काही सेकंद लागतात. १० मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतही आठ-दहा मिनिटं लागतात आणि १ मायक्रॉनचा कण बारा-बारा तास खाली येत नाही. नाकातले केस आणि घशातला चिकटा मोठे कण अडवतात. सगळ्यात बारीक कण मात्र थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणजे दुपारी सँडर चालवून, झाडून, हात धुऊन तुम्ही रात्री जेवायला बसलात तरी त्या खोलीची हवा अजून साफ झालेली नसते. आणि घरातल्या वर्कशॉपची हवा ही शेवटी घराचीच हवा.

लाकूड नैसर्गिक असतं, त्याच्या धुळीनं काय होणार, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. नाकाची पोकळी आणि तिच्या आजूबाजूच्या सायनसचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. तो वर्षानुवर्षं धुळीत राबणाऱ्यांना आहे, सुट्टीच्या दिवशी एखादा पाट करणाऱ्याला तेवढा नाही, हेही सांगायला हवं. पण दमा आणि ॲलर्जी इतकी वाट बघत नाहीत. सागवान आणि शिसव यांच्या धुळीनं कातडीला खाज येणं, डोळे चुरचुरणं, शिंका लागणं हे सुतारांना चांगलं ठाऊक असतं. एमडीएफची धूळ तर सगळ्यात बारीक, आणि तो बोर्ड चिकटवायला बहुधा फॉर्मल्डिहाइडचं रेझिन वापरलेलं असतं. एमडीएफ घरात कापूच नये, अंगणात न्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उपाय. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्ये धुळीबद्दल एक फार शहाणी अट घातलेली होती: धूळ ओढणारं साधन धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितकं जवळ असावं आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी. घरातल्या एकट्या माणसाच्या वर्कशॉपला हा कायदा लागू होत नव्हता, पण तत्त्व आजही तेच लागू पडतं. धूळ एकदा खोलीभर पसरली की तिला गोळा करणं महाग पडतं. ती पात्यापाशी, पेपरापाशीच धरली पाहिजे.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे धूळ कमी निर्माण करणं. रंध्यातून लाकडाची लांब ढलपी निघते. ती हवेत तरंगत नाही, हातानं उचलून चुलीत घालता येते. धारदार रंधा फिरवलेल्या फळीला पेपर मारावाच लागत नाही किंवा अगदी थोडा लागतो. डोंगराच्या पायथ्याला आंबा, फणस मुबलक आहे. पाट, चौरंग, छोटे देव्हारे यांना ही लाकडं छान चालतात आणि हातरंध्याला ती दाद देतात. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पहिले पैसे एक चांगला रंधा, तीन-चार पटाश्या, बारीक दात्यांची करवत, गुण्या आणि धार लावायचा दगड यांवर घालावेत. बोथट पातं लाकूड कापत नाही, कुरतडतं, आणि कुरतडलेल्या लाकडाची धूळ जास्त होते. सागवानात निसर्गतःच वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे सागावर धार लवकर जाते. साग रंधताना दगड हाताशीच ठेवा.

मशिनं घ्यायचीच तर व्हॅक्यूम बरोबर घ्या. वर्कशॉपमधला साधा ओला-सुका व्हॅक्यूम मिनिटाला १०० ते १५० घनफूट हवा ओढतो. त्याची ओढ जोरकस असते, पण हवा थोडी. सँडर, ट्रिमर, जिगसॉ अशा हातातल्या मशिनांना तेवढी पुरते. प्लेनर किंवा टेबल सॉसारख्या मोठ्या मशिनाला मिनिटाला ४०० घनफुटांच्या पुढे हवा लागते. त्यासाठी निदान १०० मिलिमीटर पाइपचा डस्ट कलेक्टरच हवा. मोठ्या मशिनाला बारीक पाइप जोडून काम भागवू नका. व्यास निम्मा झाला की तेवढीच हवा ओढायला जवळजवळ तीसपट जोर लागतो, आणि तो घरगुती मोटारीत नसतो. पाइप आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा.

सँडरच्या बाबतीत एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पॅडला जितकी भोकं असतात, तितकीच आणि त्याच जागी भोकं पेपरला हवीत. बिनभोकाचा स्वस्त पेपर लावला की व्हॅक्यूम नुसताच गुरगुरतो आणि धूळ बाजूनं उडते. आपल्याकडे प्लाय कापायला सगळे वापरतात त्या चार इंची मार्बल कटरला तर धूळ ओढायचं तोंडच नसतं. त्याची सगळी धूळ तोंडावर येते, आणि लाकडाच्या पात्यासाठी तो बनवलेलाही नाही. धुळीची नळी जोडता येणारी सर्क्युलर सॉ घ्यावी.

व्हॅक्यूमचा फिल्टर बारीक धुळीनं चटकन गच्च होतो आणि ओढ मरते. यावरचा तोडगा म्हणजे सायक्लोन. उलट्या शंकूत हवा गरगर फिरते, जड कण भिंतीला लागून खाली डब्यात पडतात आणि जवळजवळ साफ हवा वरून व्हॅक्यूमकडे जाते. आरा गिरण्यांच्या छपरावर पत्र्याचे असे मोठे शंकू असतात. इंग्लंडच्या जेम्स डायसननं १९७८ मध्ये हीच कल्पना घरच्या व्हॅक्यूममध्ये आणायचं ठरवलं आणि ५१२७ नमुने करून बघितले. आपल्याला इतकं करायची गरज नाही. प्लॅस्टिकचा तयार सायक्लोन मिळतो. तो रंगाच्या २० लिटरच्या जाड बादलीच्या झाकणावर घट्ट बसवला की झालं. पातळ बादली नको, नळी तुंबली तर अशी बादली आत चेपते. आणि ज्या व्हॅक्यूममध्ये भुसा आहे, त्याला ग्राइंडरच्या ठिणग्या कधीही ओढू देऊ नका. भुशात पडलेली ठिणगी तासभर धुमसून मग पेटते.

डोंगरावरच्या घरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. देवळाभोवतीची घरं एकमेकांना खेटून आहेत. इथं धूळ बाहेर फेकणं म्हणजे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पाठवणं. शिवाय वारा मोठा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन लावला तर धूळ उलटी आत येते. फॅन पूर्वेकडे, शेजार नसेल अशा बाजूला लावावा आणि समोरच्या भिंतीतून ताजी हवा येऊ द्यावी. जून ते सप्टेंबर धुक्यात आणि पावसात दारं-खिडक्या उघडता येत नाहीत. तेव्हा हवा आतल्या आत गाळावी लागते. दहा बाय बाराच्या, नऊ फूट उंच खोलीत १०८० घनफूट हवा असते. ती तासाला आठ वेळा गाळायची तर मिनिटाला सुमारे १५० घनफूट पुरेत, म्हणजे घरगुती एअर प्युरिफायरही चालतो. काम थांबल्यावर तो दोन तास चालू ठेवा. मात्र त्याच्या भरवशावर व्हॅक्यूम टाळू नका.

याच धुक्यानं हत्यारांना गंज चढतो. वापर झाला की पात्यावरची धूळ पुसून मशीन ऑइलचा हात फिरवावा. भुसा ओल धरतो, म्हणून भुशात पडून राहिलेली पटाशी आधी गंजते. यात्रेच्या आठवड्यात पॉलिशचं काम काढू नये. ओल्या पॉलिशवर बसलेला गुलाल निघत नाही.

टॉवेल तोंडाला गुंडाळून बारीक धूळ अडत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क हवा. तो गालाला चिकटून बसला पाहिजे. दाढी असेल तर कडेनं हवा शिरतेच. कोरडा झाडू मारू नये, ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरनं तर मुळीच साफ करू नये. खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीला आणायचा तो उद्योग आहे. व्हॅक्यूमनं ओढा, मग ओल्या फडक्यानं पुसा. कामाचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नका. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. मोकळे पसरून बाहेर वाळवा. सर्क्युलर सॉ आणि व्हॅक्यूम एकाच वेळी चालतात, तेव्हा दोन-अडीच हजार वॅटचा भार पडतो. त्यासाठी १६ अँपिअरची वेगळी लाइन आणि चांगलं अर्थिंग वायरमनकडून करून घ्या.

दुकानात सँडर बघायला जाल तेव्हा खिशातल्या पैशात सँडर आणि व्हॅक्यूम दोन्ही बसत नसतील, तर व्हॅक्यूम घेऊन या. सँडर पुढच्या महिन्यात घेता येईल. तोवर रंधा आहेच.