सेल्माचा पूल आणि मोलगीची मतदारयादी

दरवर्षी मार्च महिन्यात दोन मोर्चांची आठवण केली जाते. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर माणसे जमतात. आणि अमेरिकेतील अलाबामा राज्यात सेल्मा नावाच्या गावी, ७ मार्चच्या सुमारास, लोक एक पूल चालत ओलांडतात. एक मोर्चा पाण्यासाठी निघाला होता, दुसरा मतासाठी. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते कामगार संघटनेच्या कचेरीत. त्या वाचनातून मला हे दोन्ही मोर्चे एकाच घराण्यातले वाटत आले आहेत.

महाडचे पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. म्हणजे हक्क होता. पण तो दप्तरात होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो दप्तराबाहेर आला. त्या दिवशी लोकांनी मार खाल्ला, पुढे नगरपालिकेने आपला ठरावही फिरवला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

सेल्माचीही हीच कथा. वर्णावरून मत नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या घटनेत १८७० पासून लिहिलेले होते. प्रत्यक्षात नाव नोंदवायला गेलेल्या काळ्या माणसाला कारकून अवघड प्रश्न विचारी, वाचून दाखव म्हणे, आणि नापास करी. सेल्माच्या परगण्यात मतदानाच्या वयाच्या शंभर काळ्या माणसांत दोन-तीनच यादीवर होते. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे ६०० लोक राजधानी माँटगोमेरीकडे निघाले. पुलाच्या पलीकडे पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपले, अश्रुधूर सोडला. चित्रे देशभर दिसली. २१ तारखेला लोक पुन्हा निघाले, सुमारे ८७ किलोमीटर चालले आणि २५ ला पोहोचले. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचे एक मोठे कलम निकामी केले, म्हणून आजही त्या पुलावरचे चालणे केवळ समारंभाचे नाही.

आता हे सातपुड्यातल्या माणसाने का ऐकावे? १९३५ च्या कायद्याने काठी, सिंगपूर, गव्हाळी येथील मेवासी संस्थानिकांची गावे आणि अक्राणी महाल 'अंशतः वगळलेल्या' मुलखात घातले होते. विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नराने जाहीर केल्याशिवाय इथे लागूच होत नसे. पुढे घटना आली आणि १९५२ च्या निवडणुकीपासून आपल्याला मत मिळाले. इथल्या माणसाला त्यासाठी पूल ओलांडावा लागला नाही. माझे मत असे की, म्हणूनच ते यादीतून गळते तेव्हा आपल्या लक्षात येत नाही.

ते गळते कसे? दिवाळीच्या पुढे-मागे मुकादमाची उचल घेऊन मोलगी भागातली जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा कित्येक टोळ्या बाहेर होत्या. सैनिकाला टपालाने मत देता येते, ऊसतोड्याला नाही. त्याहून वाईट म्हणजे तपासणीच्या वेळी घराला कुलूप दिसले की नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. वास्तविक १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने राहण्याचे ठिकाण बदलत नाही. पुन्हा तेच: हक्क दप्तरात आहे.

एका पाड्यावर मी यादी वाचीत होतो. नवऱ्याचे नाव निघाले, बायकोचे नाही. दोघे एकाच कोयत्यावर, एकाच फडात राबलेले! ती म्हणाली, "दादा, मी काय वेगळ्या गावाला गेले होते?"

काठीच्या होळीला बाहेर गेलेली माणसे हटकून घरी येतात. त्या दिवसांत आम्ही यादी आणि नमुना ६ चे कोरे अर्ज घेऊन पाड्यापाड्यांवर फिरतो. तिचा अर्ज असाच भरला. आता नवी यादी निघाली की ती मोलगीच्या बाजारात मोठ्याने वाचायची, असे ठरले आहे.