संगणकाचं बारसं

बंगळूरच्या राजाजीनगरात पत्ता सांगताना ब्लॉक, मेन आणि क्रॉस सांगितला की घर सापडतं. ऑफिसातल्या संगणकांनाही अशीच नावं देतात. ‘बीएलआर-एसीसी-०७’ म्हणजे बंगळूर, हिशेब विभाग, सातवं यंत्र.

पण घर जागचं हलत नाही, संगणक हलतो. हिशेबातलं यंत्र उद्या भांडारात गेलं, की तेच नाव दिशाभूल करतं. म्हणूनच १९९० मध्ये संगणकतज्ज्ञ डॉन लिब्ज यांनी इंटरनेटविषयीच्या ‘आरएफसी ११७८’ या टिपणात बजावलं: यंत्राला स्वतःचं किंवा प्रकल्पाचं नाव देऊ नका. रंग, मूलद्रव्यं, पुराणातली पात्रं असा एखादा विषय धरा.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं आपल्या महासंगणकांसाठी सूर्य निवडला. आधी ‘आदित्य’, २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’, २०२४ मध्ये ‘अर्क’. नोएडाच्या हवामान अंदाज केंद्रातले ‘मिहिर’ आणि ‘अरुणिका’ त्याच कुळातले.

मोजक्या सर्व्हरना असं नाव शोभतं आणि लक्षातही राहतं. शंभर टेबलांच्या ऑफिसात मात्र मालमत्ता क्रमांकच नावात घालावा. यंत्र कुठंही गेलं तरी तो बदलत नाही. विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीसाठी नाव १५ अक्षरांत बसवावं. रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ एवढंच वापरावं, मधे जागा सोडू नये. यंत्र कोणाकडे आहे, याची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवावी.