गाजरगवत आणि गाजराचें कूळ

भाद्रपद आला कीं पत्री आणावयास घरोघरचीं मुलें टोपल्या घेऊन बाहेर पडतात. हिंगोलीकडे त्या दिवसांत कयाधूच्या कांठीं नि शेतांच्या बांधांवर गाजरगवत माजलेलें असतें. पानें गाजरासारखीं चिरलेलीं, नांवहि तेंच. पण झाड मात्र सूर्यफुलाच्या कुळांतलें! १९५५ च्या सुमारास तें पुण्यास नजरेस आलें आणि पुढें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या कातडीवर खाजरे चट्टे उठतात. परागांनीं दमाहि बळावतो.

मग गाजराचें खरें कूळ ओळखावें कसें? पानांवर विसंबूं नये. परसांतली फुलावर आलेली कोथिंबीर मुलांस दाखवावी. एकाच टोकापासून छत्रीच्या काड्यांसारखे दांडे फुटतात, आणि प्रत्येकाच्या शेंड्यास पुन्हां लहानशी छत्री. पेरण्यापूर्वीं धने रगडून आपण त्यांचीं दोन दलें करितों. तीं दोन दलें हीहि या कुळाची खूणच. ओवा, जिरें, शेपू, बडीशेप, सर्वांचा थाट असाच. गाजरगवतास अशी छत्री नसते. त्यावर बारीक पांढरे गोंडे येतात.

मात्र रानांत छत्री दिसली म्हणून पान चाखूं नये. सॉक्रेटिसास पाजलेलें विष याच कुळांतल्या एका झाडाचें होतें.