गाईच्या ढेकराचं पुढे काय होतं?

गाय रवंथ करताना ढेकर देते आणि मिथेन वायू हवेत सोडते. मधोमध एक कार्बन, त्याला चिकटलेले चार हायड्रोजन, असा हा मिथेनचा रेणू नऊ-दहा वर्षं हवेत निवांत भटकतो. मग कधीतरी त्याची गाठ पडते ओएचशी. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन एवढाच त्याचा जीव, पण भारी हावरा! मिथेनचा एक हायड्रोजन हिसकावून तो पाणी होऊन जातो.

उरलेला तुकडा, म्हणजे मिथाइल, लगेच हवेतला ऑक्सिजन पकडतो. किती लगेच? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत! झाला मिथाइल पेरॉक्सी मूलक, म्हणजे ओएचसारखाच एक अस्थिर तुकडा, तयार. पेट्रोलच्या वाफेपासून, निलगिरीच्या पानांतून निघणाऱ्या वायूंपासूनही त्याचे भाऊबंद बनतात.

शहरात त्याला धुरातला नायट्रिक ऑक्साइड भेटतो. मूलक त्याला आपला एक ऑक्सिजन देऊन टाकतो, नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, ऊन त्याला फोडतं आणि शेवटी तयार होतो ओझोन. उंच आकाशात ओझोन आपलं रक्षण करतो, पण आपण श्वास घेतो त्या हवेत तो फुफ्फुसांना त्रास देतो. म्हणून या मूलकाचा माग काढायलाच हवा. पण शहरी हवेत जो जेमतेम सेकंदभर टिकतो, त्याला पाहायचं कसं?

इथे मदतीला येतो अवरक्त प्रकाश. 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला! हाच तो प्रकाश. रेणूंमधले बंध सतत हलत असतात. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं तरच तो उंच जातो ना? तसाच प्रत्येक बंध आपल्या लयीचाच अवरक्त प्रकाश शोषतो. फॉर्मल्डिहाइड नावाच्या रेणूतला कार्बन-ऑक्सिजन बंध सेकंदाला सुमारे 52 लाख कोटी वेळा हलतो! आणि गंमत म्हणजे हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजन हा प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, त्यामुळे बाकीचे रेणू स्पष्ट ओळखू येतात.

अमेरिकेत डिअरबॉर्नला फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत 140 लिटरची काचेची नळी होती, भोवती 22 दिवे. दिवे लागले की आत क्लोरीनचे अणू सुटे होत आणि ओएचसारखेच मिथेनचा हायड्रोजन हिसकावत. अवरक्त प्रकाश आरशांवरून पुन्हा पुन्हा परतत सुमारे 27 मीटर प्रवास करी. कोणता प्रकाश किती कमी झाला, यावरून काय किती बनलं ते कळे. दोन मिथाइल पेरॉक्सी मूलक एकमेकांना भेटले तर त्यांच्यापुढे दोन वाटा असतात, आणि मिथेनॉल एकाच वाटेवर तयार होतं. मिथेनॉल मोजा, की कितीजण त्या वाटेनं गेले ते समजलं! मला हा हिशोब फार आवडतो.

पण खुद्द मूलक? त्यालाही पकडलं! 2007 मध्ये तैवानच्या युआन-पर्न ली यांच्या गटानं ऑक्सिजनमध्ये अ‍ॅसिटोन मिसळलं. नेलपॉलिश काढायला वापरतात ना, तेच. त्यावर लेसरचा झोत सोडला आणि सेकंदाच्या लाखो भागांतल्या एकेका भागात कोणता प्रकाश किती शोषला गेला, याचा वर्णपट टिपला. मिथाइल पेरॉक्सीच्या कार्बन-हायड्रोजन बंधांची लयसुद्धा त्यात उमटली होती.