झॉम्बी कासूला आले तर...

मित्रांनो, सुरुवातीलाच एक खुलासा. लायब्ररीत जाऊन 'झोंबी' मागितलंत तर आनंद यादवांची कादंबरी हातात पडेल. ती जरूर वाचा, पण हा लेख त्यावर नाही. हा लेख आहे झॉम्बींवर, म्हणजे मेल्यावरही चालत राहणाऱ्या आणि दिसेल त्याला चावणाऱ्या मंडळींवर. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलच्या पॅसेजमध्ये फिरतात ते वेगळे. ते चावत नाहीत.)

झालं असं की आमच्या रूमवर 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' या गेमचं वेड शिरलं. या गेममध्ये राजकन्या नाही, खजिना नाही. किती दिवस जगता, एवढंच. जागा अमेरिकेतलं केंटकी राज्य, तारीख ९ जुलै १९९३. काही दिवसांनी वीज जाते, नळ बंद होतात, मग घराघरात शिरून सामान गोळा करायचं. पाठीवरच्या सॅकचं वजन मोजलं जातं, भिजलात तर सर्दी होते. आमचा रूम पार्टनर तीनशे झॉम्बींतून सुटला आणि नंतर आजारपणात गेला!

मग आम्ही चौघांनी ठरवलं की असा गेम आपल्याकडच्या नकाशावर करायचा. नकाशा कुठला? कासूचा, कारण ते माझं आजोळ. पनवेल-रोहा रेल्वेवर पेण गेलं की कासू, मग नागोठणे. रेल्वेने गेला नसाल तरी हे नाव तुम्ही वाचलं असेल, मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाच्या बातम्यांत 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' असे दोन टप्पे वर्षानुवर्षं छापून येत होते.

सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी परदेशी कॅटलॉग बघून झकास यादी केली. दोन माणसांचा तंबू, स्लीपिंग बॅग, होकायंत्र, डबाबंद बीन्स, मल्टिटूल. सुट्टीत घरी गेल्यावर आजीला मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कुठल्या महिन्यात येतात रे ते?"

"जुलैत."

"मग घरात आगोटी भरलेली असेल की!"

संपलं. माझी यादी तिथेच बाद झाली.

घाटावरच्या मित्रांसाठी सांगतो, आगोटी म्हणजे पावसाळ्याआधी चार महिन्यांची करून ठेवलेली भरती. तांदूळ, मीठ, मिरची, आमसुलं, कांद्याच्या माळी, सुकट, सुके बोंबील, पापड, चुलीसाठी फाटी आणि शेण्या. एकदा पाऊस लागला की मासेमारी बंद, वाटा चिखलात, ओढे भरलेले. बाजार मिळेलच याची खात्री नाही हे धरूनच ही भरती व्हायची. आता सांगा, सर्व्हायव्हल गेम म्हणजे दुसरं काय असतं? फरक इतकाच की केंटकीतला माणूस संकट आल्यावर सामान शोधतो आणि आमची आजी मे महिन्यातच मोकळी होते.

तेव्हा नवी यादी. खाण्यात पहिला नंबर पेणच्या पोह्यांचा. चूल नको, धूर नको (धूर दिसला की झॉम्बी आलेच), पाण्यात भिजवले की तयार. शंभर ग्रॅम पोह्यांत साधारण ३५० कॅलरी, आणि वजन डबाबंद बीन्सच्या मानाने काहीच नाही, कारण डब्यात निम्म्याहून जास्त पाणी आणि वर पत्रा. प्रोटीनसाठी सुके बोंबील. वास फार सुटतो हे खरं, त्यामुळे गेममध्ये बोंबील भाजले तर झॉम्बी येतील का, यावर आमच्याकडे दोन रात्री वाद झाला. मी म्हणतो येतील. मेलेला असला तरी कोकणातलाच आहे ना!

पाण्यावर मात्र जरा थांबू या, कारण इथे बहुतेक गेम चुकतात. गेममध्ये नदीचं पाणी उकळलं की प्यायला चालतं. केंटकीला समुद्रच नाही, तिथे ठीक आहे. पण कासूच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या अंगाला सगळा खारेपाट. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून उघाड्या. बांधाला खांड पडली की शेत खारं झालं. असं पाणी उकळून जंतू मरतील, मीठ कुठे जाईल? उलट वाफ गेली की पाणी जास्तच खारट. म्हणून आमच्या गेममध्ये भांड्यातल्या पाण्याला दोन खुणा आहेत, एक जंतूंची आणि एक मिठाची. दुसरी खूण उकळून जात नाही.

मग पाणी आणायचं कुठून? वरून! आपल्या सिव्हिलवाल्यांना माहीत आहे की एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. तीन बाय चार मीटरची ताडपत्री म्हणजे १२ चौरस मीटर. जुलैत शंभर मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे १२०० लिटर. चार माणसांना पिण्यापुरतं रोजी तीन-तीन लिटर धरलं तर शंभर दिवसांची सोय. अर्थात पिंपं तेवढी हवीत. थोडक्यात काय, तंबूपेक्षा ताडपत्री भारी. ती छप्पर होते, हौद होते, अंथरूण होते.

आता पाऊस अंगावर घ्यायचा प्रश्न. केंटकीतल्या गड्याकडे छत्री असते, पण छत्रीत एक हात जातो आणि झॉम्बी काही एका हाताने आवरत नाही. इथे आपल्या जुन्या लोकांची अक्कल बघा. लावणी करताना दोन्ही हात चिखलात, पाठ वाकलेली, वर मुसळधार. त्यासाठी इरलं! बांबूच्या सांगाड्यात पानं भरलेली, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारी ढाल. दोन्ही हात मोकळे. आता शेतात बहुतेक प्लास्टिकचे कागदच दिसतात, पण तत्त्व तेच. तसंच कोयता कमरेच्या आकडीत अडकतो. हात मोकळा आणि हत्यार अर्ध्या सेकंदात हातात. केंटकीत बंदूक मिळते आणि तिच्या आवाजाने अख्खं गाव अंगावर येतं. कासूत बंदूक शोधून सापडायची नाही, कोयता घरटी एक. त्यामुळे आमचा गेम फार शांत झाला आहे, बेडकांचा आवाज सोडला तर.

कपड्यांत जीन्स बाद. भिजलेलं सुती कापड अंगाची ऊब ओढून घेतं आणि दोन दिवस वाळत नाही (ट्रेकला जीन्स घालून येणाऱ्यांनी हे कापून भिंतीवर लावावं). लोकरीची घोंगडी भिजली तरी तंतूंत हवा धरून ठेवते म्हणून थोडी तरी ऊब देते. वजनाला मात्र जड, आणि वासाबद्दल मी काही बोलत नाही.

औषधांच्या पेटीत आम्ही प्राझोसिनची गोळी ठेवली आहे, कारण रायगडात झॉम्बीच्या आधी विंचू भेटतो. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसं जायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर आयुष्यभर काम केलं, या रक्तदाबाच्या गोळीने मृत्यू खूप कमी होतात हे दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गेममध्ये ही गोळी फक्त दवाखान्यात मिळते आणि डॉक्टरच देतो. खऱ्या आयुष्यातही तसंच करा.

रिकामे तेलाचे कॅन फेकू नका. पाच लिटरचे दोन कॅन बूच घट्ट लावून छातीला बांधले तर जवळजवळ शंभर न्यूटनची तरंगशक्ती मिळते, साध्या लाइफ जॅकेटइतकी. आर्किमिडीज! पण हे साचलेल्या पाण्यासाठी. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जांभूळपाड्यात जे केलं ते ऐकलेला माणूस वाहत्या पुरात कॅन बांधून उतरत नाही. आमच्या गेममध्ये उतरलात तर कॅन नागोठण्याच्या पुलाखाली सापडतात, तुम्ही नाही.

इतकं सगळं झाल्यावर लक्षात आलं की गेम फार सोपा झालाय. आगोटी भरलेली, पाणी वरून, कोयता घरात. खेळाडू चार महिने पोहे खात बसेल!

तेव्हा आठवलं ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आमच्या घराचे अर्धे पत्रे गेले. मे महिनाभर लॉकडाऊनमध्ये जीव टाकून भरलेली आगोटी, आणि वर छप्पर नाही. माळ्यावरची फाटी भिजली, पोत्यातला तांदूळ भिजला. वीज किती तरी दिवस नव्हती. मामा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करायचा आणि रेंज नसलेला तो मोबाईल नुसता उजेडासाठी वापरायचा. वाचलं ते फक्त घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांतलं आणि बरण्यांतलं. आजी पहिल्या रात्री ताडपत्री स्वतःवर न घेता त्या डब्यांवर टाकून बसली होती. मी तेव्हा शाळेत होतो, मला ते वेडेपणाचं वाटलं होतं.

म्हणून आता आमचा गेम ९ जुलैला नाही, ३ जूनला दुपारी सुरू होतो. झॉम्बी नंतर येतात, आधी छप्पर जातं. हातात एक ताडपत्री आणि पंधरा मिनिटं. काय झाकायचं ते तुम्ही ठरवा.

सध्या काम अडलंय ते डब्यावर. पंधरा किलोचा तेलाचा जुना डबा, त्याचं झाकण उघडायला किती सेकंद द्यायचे यावर रूममध्ये एकमत नाही. आजीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "सेकंद कसले मोजतोस? हात ओले असतील तर उघडायचाच नाही." तेव्हा ओल्या हातांची अट टाकायचं कोडिंग चालू आहे. सेमिस्टर संपायच्या आत डेमो तयार झाला तर रूम नंबर २१४ मध्ये या. पोहे आमच्याकडून.